डावं चाक

पसरणीचा घाट उतरताना वास पहिल्यांदा आमच्या हिला आला. तिचं नाक भारी तिखट. शेजारच्या चुलीवर काय करपलंय ते ती आपल्या दारात उभी राहून सांगते. म्हणाली, "अवो, कायतरी जळतंय." मी म्हणालो, पुढं भरलेला ट्रक चाललाय, त्याचा ब्रेक असंल. पुढं एका रुंद वळणावर ट्रकवाल्यानं वाट दिली. ट्रक मागं राहिला, वास काही मागं राहिला नाही.

माघ महिना होता. लेकीचं डोहाळजेवण उरकून आम्ही दोघं घरी येत होतो. लेक दिलीय ती भिलारच्या अंगाला, स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरात. मागच्या सीटवर व्याह्यांनी दिलेल्या दोन पेट्या होत्या, त्यामुळं गाडीत एक गोड वास आणि एक करपट वास असे दोन्ही भरले होते. खरं तर लेकीला त्याच दिवशी संगट आणायचं चाललं होतं. तिची सासू म्हणाली, पौर्णिमा होऊ द्या, मग न्या. त्या माउलीचे उपकार मी पुढं कितीदा मानले ते तिला अजून माहीत नाही.

घाट उतरायची माझी रीत आधी सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं भांडण तिच्यावरच झालं. मी 1976 साली दहावी झालो आणि शेतीला लागलो. ट्रॅक्टर चालवायला शिकलो तेव्हा शिकवणाऱ्यानं एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती, की ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं. गाडी इंजिनानं धरायची, ब्रेकनं नाही. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा आणि सोडायचा. पाय ठेवून बसायचं नाही. चारचाकी मी उतारवयात घेतली, तीही कुणीतरी आठ वर्षं वापरलेली, पण सवय तीच राहिली. त्या दिवशीसुद्धा मी दुसऱ्या गिअरातच होतो.

जागा बघून गाडी कडेला घेतली. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकातून धूर निघत होता. फार नव्हे, विझत आलेल्या शेणकुटाला निघतो तेवढा. हाताचा पंजा चाकाजवळ नेला तर वीतभर लांबूनच झळ लागली. उजव्या चाकाला हात लावला, ते नुसतं कोमट. ही बाटलीतलं पाणी घेऊन धावली. मी तिला थांबवलं. लोहाराच्या नेहाईवरचं तापलेलं लोखंड पाण्यात घातल्यावर काय होतं ते लहानपणापासून बघितलेलं. चाकातली तबकडी तडकली असती तर पुढं जायची सोयच नव्हती.

पाऊण तास बसलो. खाली धोमचं पाणी दिसत होतं. हिनं स्ट्रॉबेरी खाल्ल्या, मी खाल्ल्या नाहीत. माझ्या डोक्यात एक वेगळंच चाललं होतं. गेले पंधरा दिवस ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढत होती. फार नाही, स्टेअरिंगला जरा धरून ठेवावं लागायचं इतकंच. मला वाटत होतं उजव्या चाकात काहीतरी आहे. आणि तापलं होतं डावं.

चाक निवाल्यावर पहिल्या गिअरात, मुंगीच्या पावलानं वाईत उतरलो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका गॅरेजात गाडी लावली. गॅरेजचं नाव सांगत नाही. पोरगा चांगला आहे, हातही चांगला आहे, पण दारात सात गाड्या उभ्या असल्या की कोणीही घाईला येतं. दिवाळीत पुढचे ब्रेकपॅड त्यानंच बदलले होते. त्यानं चाकं काढली, बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, ब्रेकवर पाय ठेवून चालवता तुम्ही. दिवाळीला टाकलेले पॅड शिमग्यापर्यंत पुरले नाहीत."

मी म्हणालो, "मी पाय ठेवत नाही."

"सगळे असंच म्हणतात," तो हसत म्हणाला. गाडी उजवीकडं ओढतेय हेही मी सांगितलं. त्यावर अलाइनमेंट करून घ्या म्हणाला. नवे पॅड बसवले, बिल झालं. निघताना मी जुने पॅड मागून घेतले. जुनं सामान परत मागायची माझी जुनीच खोड. मोटारीची बेअरिंगं, क्लचप्लेट, पंपाचे वायसर, सगळं गोठ्याच्या वळचणीला एका पोत्यात आहे. ही म्हणते, तुमच्या माघारी भंगारवाला मला लखपती करंल.

बिलाचे पैसे थोरल्यानं चाकणहून मोबाईलवरनं भरले होते. त्यामुळं गॅरेजवाल्याचं त्याच्याशी बोलणं झालं. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आबा, आता गाडी चालवायचं बंद करा."

"का?"

"का म्हणजे? घाटात चाक पेटायची वेळ आली होती. वय झालं की रिफ्लेक्स कमी होतात. ताईला आणायला मी भाड्याची गाडी लावतो."

रिफ्लेक्स म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही, पण कमी होतात एवढं कळलं. वाद घातला नाही. पोरगा वाईट बोलत नव्हता, भ्याला होता. मग त्यानं आईशी बोलून घेतलं, आणि तिनं गाडीची किल्ली देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीमागं ठेवून दिली. आता तिथून किल्ली काढायची म्हणजे आंघोळ करून सोवळ्यानं चोरी करायची!

हसण्यावारी नेतोय मी आज, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यभर बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग ही गाडी. माझ्या हातनं कधी कुणाचं कोंबडंसुद्धा चाकाखाली आलं नाही. आणि लेकीचं पहिलं बाळंतपण, तिला माहेरी आणायला बाप सोडून भाड्याचा ड्रायव्हर जाणार.

झोप येईना म्हणून ओसरीवर आलो. लाईट लावली आणि ते चार जुने पॅड पिशवीतून काढून फरशीवर एका ओळीत मांडले.

ज्यांनी चाक काढून आतलं कधी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, भाकरीच्या तव्याएवढी. तिला डिस्क म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला एक आणि बाहेरच्या अंगाला एक असे दोन पॅड असतात. पॅड म्हणजे लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला काळपट मसाला. ब्रेक दाबला की दोन्ही पॅड दोन्हीकडून डिस्क आवळतात, सांडशीनं पातेलं धरावं तसं. नव्या पॅडवर मसाला बोटाच्या रुंदीपेक्षा कमी, सेंटिमीटरभर असतो. काडेपेटीतल्या काडीएवढा उरला की बदलायचा. म्हणजे पुढच्या दोन चाकांचे मिळून चार पॅड.

त्या चारातले तीन चांगले होते. निम्म्याहून जास्त मसाला होता तिघांवर. चौथ्याचं एक टोक नखाएवढं उरलं होतं आणि दुसऱ्या टोकाला नुसतं लोखंड, निळं पडलेलं.

ते बघितलं आणि मला वडील आठवले. मी नवीन नांगर धरायला लागलो तेव्हा फाळ एकाच अंगानं झिजायचा. मी म्हणालो, फाळ बाद आहे, दुसरा आणतो. वडील म्हणाले, आण. पण त्याआधी दोन तासं मार, मी मागनं बघतो. दोन तासं झाल्यावर म्हणाले, "फाळाला कशाला नावं ठिवतोस? रुमण्यावर तुझा हात एका अंगाला रेलतोय." त्यांचं खरं होतं. आता इथं मी त्या पॅडकडं बघत विचार करत होतो, की माझा पाय रेलत असेल तर तो चौघांवर रेलेल ना? एकट्यालाच कसा खाईल?

सकाळी पॅड पिशवीत घातले आणि वरच्या आळीला मिस्त्रीमामाकडं गेलो. मामानं सगळी उमर एसटीच्या डेपोत काढली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गावातली मोटरसायकल दारावरनं गेली तरी आवाजावरनं सांगतो की हिची चेन सैल आहे. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठा. मला अजून 'पोरा' म्हणणारा गावात तेवढा एकच माणूस उरलाय.

मामानं पॅड हातात घेतले आणि मसाल्याची बाजू न बघता पाठी बघितल्या. म्हणाला, "ह्या दोघांच्या पाठीवर गोल वळ हाय. ह्यो पिस्टनचा वळ. म्हंजी ही दोन आतली. ह्या दोघांवर दोनदोन बोटांची खूण हाय, ही भाईरची. चाक कंचं तापलं हुतं?"

"डावं."

"मग ह्यो झिजलेला डाव्या चाकातला आतला. उजव्याची दोन्ही सारखी झिजल्यात. डाव्याचा भाईरचा बघ, त्यानं कामच केलं न्हाई. पाय ठिवून चालवलं असतंस तर चारी झिजली असती की रं. कोण म्हणालं तुला पायाचा दोस?"

मी सांगितलं. मामा म्हणाला, "आतला बैल एकटाच वढतोय, भाईरचा नुसता जू घिऊन हुबा हाय. बैलाला मारून काय उपेग? जू बघाय पायजे. नवं पॅड घातलं तरी दोन म्हैन्यात ह्येच हुणार."

मला तिथंच मिठी मारावी वाटली त्याला. घरी येऊन हिला सांगितलं, मामानं गाडी बघायला मागितलीय, चालवायची नाही, जाग्यावरच चाक काढायचंय. तिनं किल्ली काढून दिली. हात जोडून दिली, मला नव्हे, गणपतीला.

दुपारी मामा आला. येताना स्वतःचे पाने फडक्यात गुंडाळून आणले होते. अंगणात सपाट जागेवर गाडी घेतली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धे ढिले केले, मग जॅक लावला. चाक काढल्यावर तेच चाक मामानं गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं आणि शेजारी बाभळीचा ओंडका उभा केला. म्हणाला, "जॅकवर इस्वास ठिवणारी दोन माणसं मी डेपोत उचलल्यात." पुढं त्या दोघांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

चाक काढायच्या आधी त्यानं ते हवेत हातानं फिरवून बघितलं होतं. उजवं एका धक्क्यात दोन फेरे फिरलं. डावं ढकलावं तेवढंच फिरायचं. आता त्यानं मला आत बसवून ब्रेक चारपाचदा दाबायला लावला आणि सोडायला सांगितला. डिस्क हातानं फिरेना. मग त्यानं मागच्या अंगाचं छोटं निपल जरासं उघडलं. थेंब दोन थेंब तेल आलं. पुन्हा डिस्क फिरवून बघितली, तशीच घट्ट.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"रबरी पाईप आतनं फुगून बंद पडला तर तेल जातं आन् माघारी येत न्हाई. दाब आतच ऱ्हातो. तसं असतं तर निपल उघडल्याबरुबर चाक सुटलं असतं. सुटलं न्हाई. म्हंजी पाईप निर्दोस. आता दोघांवर वहीम ऱ्हायला. एक पिस्टन, दोन पिना."

पिनांचं जरा समजावून सांगतो. पॅड आवळणारं जे लोखंडी घर असतं, कॅलिपर म्हणतात त्याला, त्यात पिस्टन एकच असतो आणि तोही आतल्या अंगाला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? ते सगळं घर दोन पिनांवर सरकतं. पिस्टन आतून रेटा देतो तशी घराची बाहेरची बोटं आत ओढली जातात आणि बाहेरचा पॅड डिस्कला येऊन टेकतो. पिना सरकल्या नाहीत तर आतला पॅड एकटाच डिस्कवर घासत राहतो आणि ब्रेक सोडला तरी नीट मागं येत नाही. त्यामुळं ते चाक तापतं. पण आवळायला एकच असल्यानं त्या चाकाची पकड कमी पडते, म्हणून ब्रेक मारला की गाडी चांगल्या चाकाकडं, म्हणजे उजवीकडं ओढते. घाटात बसून जो गुंता मला सुटत नव्हता तो मामानं अंगणात सहज सोडवला.

कॅलिपरचे दोन बोल्ट काढले. तो लोंबकळू न देता मामानं तारेनं वर बांधला, नाहीतर सगळा भार रबरी पाईपवर येतो. नवाच घातलेला आतला पॅड काढला, तर एवढ्यातच त्याचाही तोंडावळा तिरका व्हायला लागला होता. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सुताराच्या शिकंज्यानं हळूहळू दाबला. लोण्यात बोट जावं तसा आत गेला. मला वर तेलाच्या डबीकडं लक्ष ठेवायला सांगितलं होतं, कारण पिस्टन मागं गेला की डबीतलं तेल वर चढतं आणि सांडलं तर गाडीचा रंग खातं. "पिस्टन सुटला," मामा म्हणाला. "आता पिना."

वरची पीन हातानं सरकली. खालची हलेना. पान्यानं धरून डावीउजवीकडं फिरवत फिरवत मामानं ती अर्ध्या तासात बाहेर काढली. तिच्या टोकाला रबराची एक टोपीसारखी नळी असते. ती फुगून करंगळीची अंगठ्याएवढी झाली होती. तोंडावरचं रबरी बूटसुद्धा फुगून लिबलिबीत. मामानं पिनेवरचं ग्रीस बोटावर घेतलं, चोळलं, नाकाला लावलं.

"ह्ये कुणी भरलं?"

मी गप्प.

"ह्ये ट्रॅक्टरचं ग्रीस हाय. साधं ग्रीस ह्या रबराला चालत न्हाई. रबर फुगतं आन् पीन आवळून धरतं. कुणी भरलं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "गॅरेजवाल्यानं भरलं असंल."

मामा काही बोलला नाही. उठला, जॅक काढून उजव्या बाजूला लावला. पुन्हा दगड, पुन्हा ओंडका, पुन्हा नट. उजव्या पिना काढल्या. दोन्ही हातानं निघाल्या. थोड्या कोरड्या होत्या, पण रबर जसंच्या तसं. ट्रॅक्टरच्या ग्रीसचा मागमूस नाही. मामानं दोन्ही पिना माझ्यापुढं धरल्या.

"म्हंजी गॅरेजवाल्यानं एका अंगालाच भरलं व्हय रं पोरा?"

तेव्हा मला सगळं डोळ्यापुढं आलं. मार्गशीर्षात डावं पुढचं चाक पंक्चर झालं होतं. घरीच स्टेपनी घालत होतो. कुणीतरी बोलताना ऐकलं होतं की कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लागतं. म्हटलं चाक निघालंच आहे, तर करून टाकू. ट्रॅक्टरच्या ग्रीसगनमध्ये ग्रीस होतंच. हात काही माझ्यासाठी नवखा नव्हता, चौदाच्या पान्यानं दोन बोल्ट काढायचे. दोन्ही पिना काढून भोकात बोटानं ग्रीस भरलं, चांगलं भरपूर भरलं. मायेनं भरलं म्हणा ना. उजव्या चाकाचं उद्या करू म्हणालो. तो उद्या काही उजाडला नाही. ऊसतोड आली, ते राहून गेलं. माझ्या आळसानं उजवं चाक वाचलं आणि उद्योगानं डावं गेलं.

मामाला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "नशीब चांगलं म्हणायचं. लेक गाडीत हुती का?"

"नव्हती."

"बरं," म्हणाला आणि पीन पुसायला लागला.

अंगणात ऊन होतं, तरी माझ्या पाठीला गार घाम आला. सासूबाईंनी पौर्णिमेचं काढलं नसतं तर मागच्या सीटवर स्ट्रॉबेरीच्या जागी लेक असती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं साताऱ्याला गेलो. पिनांच्या रबराचं किट दोन्ही चाकांसाठी, सिलिकॉनच्या ग्रीसची छोटी पुडी आणि पुढच्या डिस्कची जोडी घेतली. डिस्क बदलायची नव्हती माझ्या मनात, पण डाव्या डिस्कवर आतल्या बाजूनं ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडल्या होत्या, नख अडकेल इतक्या. लेथवर घासून घेता येते का विचारलं तर मामा म्हणाला, डिस्क किती बारीक झाल्यावर टाकायची ते तिच्यावरच कोरलेलं असतं, आणि ही तिथवर आलीय. आणि बदलायची तर जोडी बदलायची, एक बदलायची नाही. पैसे हळदीचे घातले. थोरल्याकडं मागितले नाहीत.

मामानं खालची भोकं चिंधी आणि स्पिरिटनं आतून पुसून काढली, अगदी पांढरी चिंधी पांढरी येईपर्यंत. पिनांवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. नवं रबर, त्यावर वाटाण्याएवढं ग्रीस. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच. पुरणपोळी हाय का सारण भराय?" पॅड जिथं बसतात त्या खाचा तारेच्या ब्रशनं साफ केल्या, कारण तिथं काळ्या मातीचा आणि भिलारच्या तांबड्या मातीचा थर बसला होता. पॅडचा भुगा फुंकरीनं उडवू दिला नाही. ओलं फडकं घेऊन पुसायला लावलं, छातीत जातो म्हणाला. गॅरेजवाल्याचे नवे पॅड खरबरीत कागदावर जरा घासून तेच परत बसवले. सगळं बसल्यावर त्यानं कॅलिपर एका हाताच्या बोटांनी आतबाहेर सरकवून दाखवला. देवळातल्या दानपेटीचं झाकण हलावं तसा हलत होता.

मी आत बसलो आणि गाडी सुरू करायला लागलो तर मामानं दरवाजा धरला. "आदी पायानं पंप कर. पिस्टन मागं गेल्यात. पहिला पाय पोकळ जातोय. ह्येच इसरून एकानं डेपोची भिंत पाडलीया." मी दाबलं. पहिल्या खेपेला पाय खरंच तळाला गेला, पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. तिसऱ्याचौथ्या खेपेला घट्ट झाला.

कॅनॉलच्या रस्त्याला गाडी घेतली. चाळीसच्या वेगानं जायचं, हळूच दाबून दहापर्यंत आणायची, थांबवायची नाही, परत चाळीस. असं दहाबारा वेळा करून घेतलं, नवी डिस्क आणि पॅड एकमेकांना ओळखायला लागतात म्हणे. मग स्टेअरिंगवर बोटं नुसती टेकवून दाबून बघितलं. गाडी सुतात थांबली.

रात्री थोरल्याला फोन लावला. आधी चारी पॅडची गोष्ट सांगितली, उजव्या डाव्याची, आतल्या बाहेरच्याची. तो कंपनीत मशीनवर काम करतो, त्याला लगेच समजलं. म्हणाला, "म्हणजे तुम्ही पाय ठेवत नव्हता. सॉरी आबा." तिथं फोन ठेवला असता तरी चाललं असतं. ही समोर बसून तांदूळ निवडत होती, माझ्याकडं बघत होती. तिला मामाच्या बायकोकडून आधीच सगळं कळलं होतं.

"पाय बरोबर होता," मी म्हणालो. "हात चुकला." आणि ग्रीसचं सांगितलं.

पलीकडं बराच वेळ शांत. मग तो म्हणाला, "आबा, किल्ली तुमच्याकडंच राहू द्या. ते ग्रीसगन तेवढं देव्हाऱ्यात ठेवायला सांगा आईला."

गॅरेजवाल्याकडं मी मुद्दाम गेलो. त्याला पिनेवरचं ते फुगलेलं रबर दाखवलं आणि माझं काम आहे म्हणून सांगितलं. हेही सांगितलं, की तू चाक काढलं होतंस तेव्हा चारी पॅड शेजारीशेजारी ठेवले असतेस तर तुलाही दिसलं असतं. त्याला ते आवडलं नाही. रबर मात्र त्यानं ठेवून घेतलं.

पौर्णिमा झाल्यावर आम्ही दोघं लेकीला आणायला गेलो. येताना ती मागं हिच्याजवळ बसली. घाटाच्या तोंडाशी मी गाडी दुसऱ्यात टाकली. अर्ध्या वाटेवर लेक म्हणाली, "आबा, किती हळू? मागचे हॉर्न देतायत." तिला म्हणालो, देऊ देत.

वाईत उतरल्यावर रसवंतीपाशी थांबलो. ह्या दोघी रस प्यायला उतरल्या. मी खाली बसून पालथा हात डाव्या चाकाजवळ नेला, मग उठून उजव्याजवळ. मग पुन्हा डाव्याजवळ. दोन्ही कोमट, सारखेच.

"आई, आबा काय करतायत गं?" लेकीनं विचारलं.

"ताप बघत्यात," ही म्हणाली. "तू रस पी."